इस्त्रीचा बोर्ड कुणाच्या उंचीचा?

आपल्या भाषेत संसाराची घडी बसते आणि एखाद्या आजारपणाने ती विस्कटते. नवी साडी पहिल्यांदा नेसली की तिची घडी मोडते. माणूस फारच ताठ असला तर तो ‘कडक इस्त्रीचा’. घर आणि कापड यांची इतकी सांगड ज्या भाषेने घातली, तिच्यात इस्त्रीच्या बोर्डावर कुणी मन लावून लिहिलेले माझ्या वाचनात नाही. चुलीवर लिहिले गेले, जात्यावर तर अमाप. पाटा-वरवंटा आला, शिवणयंत्र आले. बोर्ड बिचारा दाराआड उभा. म्हणून मैत्रिणींनो, आज त्याच्याविषयी बोलू. पुस्तकाची करतात तशी वस्तूचीही समीक्षा करता येते. कुणी केली, कुणासाठी केली, आणि आपल्या हातात आल्यावर तिचे काय झाले, हे तीन प्रश्न दोन्हींना सारखेच लागू पडतात.

आधी आपल्याकडचे सांगते. बेळगाव, शहापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या आमच्या घरांत माझ्या लहानपणी बोर्ड नव्हता. इस्त्री व्हायची ती जमिनीवर. जाड चादर चौपदरी करायची, वर जुने धोतर अंथरायचे, एक पाय मुडपून बसायचे आणि कोळशाची पितळी इस्त्री फिरवायची. ज्या घरात तीही नव्हती तिथे तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडाने कापड दाबत. शाळेची चड्डी आणि परकर रात्री गादीखाली जायचे आणि सकाळी आपोआप सरळ होऊन यायचे. लग्नाकार्याचे कपडे परीट न्यायचा. शेजारच्या कानडी घरी त्याला मडिवाळ म्हणत, पण इस्त्रीला दोन्ही घरांत इस्त्रीच म्हणत. रोजच्या लुगड्याला कुणी इस्त्री करत नसे. ओले असतानाच दोघींनी दोन टोके धरून झटकायचे, ताणून वाळत घालायचे, झाले. आमची आजी म्हणायची, “चार सुरकुत्या पडल्या म्हणून कुणाचं लग्न मोडलं न्हाई गं.”

मग बोर्ड आला. दुकानात त्याला ‘आयर्निंग टेबल’ म्हणतात, घरात ‘इस्त्रीचा बोर्ड’. एका टोकाला निमुळता, खाली कात्रीसारखे पाय, वर फुलाफुलांचे कापड. तो कुठून आला हे बघितले तर एक चांगली गोष्ट हाती लागते. आज आपण वापरतो त्या निमुळत्या आकाराशी सारा बून या अमेरिकन बाईचे नाव जोडलेले आहे. तिचा जन्म नॉर्थ कॅरोलायनात, गुलामगिरीच्या काळातल्या एका काळ्या कुटुंबात झाला. पुढे ती कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला आली आणि बायकांचे कपडे शिवून पोट भरू लागली. 26 एप्रिल 1892 रोजी तिला सुधारलेल्या इस्त्रीच्या बोर्डाचे पेटंट मिळाले. इस्त्रीच्या बोर्डाची पेटंटे त्याआधीही निघाली होती, पण सपाट फळीवर बाही नीट बसत नाही, एक बाजू दाबावी तर दुसरीकडे घडी पडते, ही अडचण शिवणाऱ्या बाईला जितकी कळणार तितकी दुसऱ्या कुणाला कळणार? तिने फळी अरुंद केली, कडेला बाक दिला, उलटसुलट वापरता येईल अशी केली. बायकांच्या कपड्यांच्या बाह्या आणि अंगाचा भाग नीट इस्त्री व्हावा, हा तिचा हेतू तिने पेटंटमध्येच लिहून ठेवला.

म्हणजे ही वस्तू एका बाईने, बायकांच्या कपड्यांसाठी, स्वतःच्या कामातल्या अडचणीतून घडवली. वस्तू म्हणून तिला माझे पैकीच्या पैकी गुण. आपल्या घरात आल्यावर तिचे काय झाले, तिथे माझी तक्रार सुरू होते.

आपला कपडा बाहीचा नाही, लांबीचा आहे. साध्या पाचवारी साडीचा पन्हा सुमारे 45 इंच, म्हणजे 114 सेंटिमीटर. लांबी साडेपाच मीटर. बाजारातला बोर्ड साधारण 120 सेंटिमीटर लांब आणि 38 ते 40 सेंटिमीटर रुंद असतो. साडी पन्ह्यात दुहेरी केली तर 57 सेंटिमीटर होते, ती बोर्डावर मावत नाही. चौपदरी केली तर मावते, पण मग आतले पदर दबत नाहीत आणि बाहेरून साडी छान दिसली तरी निऱ्या घालताना आतला चुरगळा वर येतो. शिवाय बोर्डाच्या दोन्ही बाजूंनी साडी लोंबते, तिच्या वजनाने घसरते, आणि इस्त्री केलेला भाग जमिनीवर जाऊन पुन्हा चुरगळतो. नऊवारीचे तर बोलायलाच नको. म्हणून आमच्याकडे बोर्ड असलेल्या घरांतही चांगली साडी पलंगावर चादर अंथरूनच इस्त्री होते, नाहीतर रोल-पॉलिशला जाते. धोतर, उपरणे, चादर, पडदा यांचीही तीच गत. सरळ, न शिवलेल्या कापडाला रुंद जागा लागते, आणि ती चौपदरी चादरीवर होती.

तर मग बोर्डावर नीट बसते काय? शर्ट. बोर्डाच्या निमुळत्या नाकावर शर्टाचा खांदा जो चपखल बसतो तो बघण्यासारखा असतो. पाठ, बाही, कॉलर, सगळे. बायकांच्या कपड्यासाठी एका बाईने घडवलेली वस्तू आमच्या घरात पुरुषाच्या शर्टाचे फर्निचर झाली. सलवार-कमीज नेसणाऱ्या मुलींना तिचा थोडा उपयोग होतो हे खरे. पण कुठल्याही घरी जाऊन बोर्डाशेजारचा गठ्ठा उपसून बघा, त्यात शर्ट किती आणि बाकीचे किती.

दुकानदार सांगतो, बोर्डाने बाईची पाठ वाचली. हे अर्धे खरे आहे. मांडी घालून जड इस्त्री ओढायला गुडघे आणि कंबर लागते, ती सुटका झाली. पण बोर्ड एकटा आलेला नाही. ओट्याने स्वयंपाक उभा केला, सिंकने भांडी उभी केली, आणि बोर्डाने इस्त्री उभी केली. सकाळी साडेपाचला उभी राहिलेली बाई आता रात्री दहापर्यंत उभीच. बोर्डाची उंची कोपर किंचित वाकेल इतकी ठेवावी आणि गठ्ठा मोठा असेल तर बोर्ड खाली करून स्टुलावर बसून इस्त्री करावी. बोर्डाला तशी सोय असते. ती वापरताना मी कुणालाच बघितलेले नाही. बसून काम करणारी सून आळशी दिसते ना!

आणि काम कमी झाले का? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी 1983 मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की घरात यंत्रे आली तेव्हा घरातल्या पुरुषांचे, मुलांचे, नोकरांचे काम गेले. आईचे तसेच राहिले, उलट स्वच्छतेची आणि टापटिपीची अपेक्षा वाढून तिचे काम फुगले. हे अमेरिकेविषयी लिहिले आहे, पण आमच्या गल्लीलाही ते लागू पडते. इस्त्री परटाकडे जायची तेव्हा मोजून जायची, कारण तिला पैसे पडत. बोर्ड घरी आल्यावर मोजदाद संपली. ऑफिसच्या शर्टामागून घरात घालायचे टीशर्ट आले, त्यांच्यामागून उशीचे अभ्रे, हातरुमाल, लहान पोरांची झबली. गाडीवर कोळशाची इस्त्री फिरवणाऱ्या जोडप्याचे चार पैसे गेले आणि तेच काम बिनपैशाने घरातल्या बाईकडे आले. त्याला आपण ‘बचत’ म्हणतो. त्या बचतीत तिचा एक तास धरलेला नसतो.

आता कलावंतांनी या बोर्डाकडे कसे बघितले ते बघू.

मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताचे एक टिपण प्रसिद्ध आहे. 1934 मध्ये त्याने आपल्या जुन्या टिपणांची एक हिरवी पेटी काढली, तिच्यात ते आहे. रोजची साधी वस्तू उचलून तिला कलाकृती म्हणणे हा त्याचा खेळ होता. इथे तो खेळ उलटा करतो आणि सुचवतो, की रेम्ब्रांटचे चित्र घ्यावे आणि त्याचा इस्त्रीचा बोर्ड करावा. कलेच्या इतिहासात या ओळीचे फार कौतुक झाले. मला मात्र दुसरेच दिसते. सगळ्यात उंच वस्तू कोणती, तर रेम्ब्रांटचे चित्र, हे त्याने धरले. मग तिला पाडायला सगळ्यात खालची वस्तू शोधताना त्याला काय सापडले? स्टूल नाही, जेवणाचे टेबल नाही, इस्त्रीचा बोर्ड. विनोद कळावा यासाठी बोर्ड तुच्छ असणे गरजेचे होते, आणि तो तुच्छ आहे हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगायच्या आधीच ठाऊक होते. ज्या कामाचे मोल नाही, त्याच्या वस्तूलाही मोल नाही. हा विनोद माझ्या आजीला सांगितला असता तर तिने एवढेच विचारले असते, “कॅनव्हासवर इस्त्री तापली तर रंग कापडाला लागंल की रं बाबा!”

देगा आणि पिकासो यांनी निदान बाईकडे बघितले. देगाने इस्त्री करणाऱ्या बायका पुष्कळ वेळा रंगवल्या. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातल्या 1880 च्या दशकातल्या त्याच्या चित्रात दोघी आहेत. एक दोन्ही हातांनी इस्त्रीवर भार टाकून वाकलेली, दुसरी हातात बाटली धरून मोठ्ठी जांभई देणारी. ती जांभई मला फार आवडते. तिच्यात नटवेपणा नाही, ती बघणाऱ्यासाठी दिलेलीच नाही. पिकासोच्या 1904 च्या चित्रातली बाई हाडांची मोळी झालेली, एक खांदा वर आलेला, सगळे निळे-करडे. या बायका पैशासाठी इस्त्री करणाऱ्या, दुसऱ्यांचे कपडे दाबणाऱ्या होत्या. दोघाही चित्रकारांनी त्यांचे श्रम बघितले, शरीर बघितले. पण ती बाई त्या वेळी काय विचार करत असेल, हा प्रश्न दोन्ही चित्रांतून मला ऐकू येत नाही. खांदा दिसतो, डोके खाली झुकलेले.

ते डोके आतून बघायला एक बाईच यावी लागली. टिली ओल्सेन या अमेरिकन लेखिकेची ‘आय स्टँड हिअर आयर्निंग’ ही कथा 1961 च्या तिच्या ‘टेल मी अ रिडल’ या संग्रहात आहे. कथेत घडते ते इतकेच: एक आई इस्त्री करत उभी आहे. तिच्या एकोणीस वर्षांच्या थोरल्या मुलीविषयी, एमिलीविषयी, कुणीतरी तिला बोलायला बोलावले आहे. मुलीला मदतीची गरज आहे, असे त्या माणसाचे म्हणणे. आई गेलेली नाही. ती इस्त्री फिरवते आहे आणि त्या प्रश्नाचे उत्तर मनाशी जुळवते आहे. नवरा सोडून गेला तेव्हा पोर आठ महिन्यांची होती. कामावर जायचे म्हणून तिला दुसऱ्यांकडे ठेवले, सासरच्यांकडे पाठवले, आजारपणात एका संस्थेत ठेवले. पुढे दुसरे लग्न, आणखी मुले, आणि थोरलीच्या वाट्याला आलेले मुकाट मोठेपण. तीच मुलगी शाळेत रंगमंचावर उभी राहून सगळ्यांना हसवते, हेही.

ही कथा मी आमच्या महिला मंडळात मराठीतून सांगितली होती. दोघीतिघी म्हणाल्या, “बाई, हिला पश्चात्ताप झालाय.” पुष्कळ समीक्षकही कथा तशीच वाचतात: इस्त्री म्हणजे अपराधाची टोचणी, पुढेमागे फिरणारी. मला हे वाचन अपुरे वाटते. कथा नीट वाचली तर आई स्वतःला शिव्या देत बसत नाही. ती हिशेब मांडते. तेव्हा पैसा किती होता, वेळ किती होता, पर्याय कोणते होते. बाळ रडते, तिला मध्येच उठावे लागते, विचार तुटतो, ती परत येऊन इस्त्री उचलते आणि तुटलेला धागा पुन्हा धरते. आपल्यातल्या प्रत्येकीला ही विचार करायची पद्धत ओळखीची आहे. अखंड तासभर बसून विचार करणे ही चैन. ओल्सेनने पुढे 1978 च्या ‘सायलेन्सेस’ या पुस्तकात लिहिणाऱ्या बायकांच्या याच तुटलेपणाविषयी लिहिले. कथेचे रूपही तसेच तुटक आहे, आणि ते तसे असणेच योग्य आहे.

त्या कथेत एक चेष्टा आहे. एमिली घरी येते आणि आईला म्हणते, की व्हिस्लरने आपल्या आईला खुर्चीत बसवून रंगवले, मला माझी आई रंगवायची झाली तर बोर्डापाशी उभीच रंगवावी लागेल. व्हिस्लरचे ते चित्र 1871 चे, जगभर ‘आई’ म्हणून ओळखले जाणारे. द्युशाँने चित्राचा बोर्ड केला, एमिलीने बोर्डाचे चित्र केले. मला विचाराल तर एमिलीचा विनोद जास्त खोल आहे, कारण तो बोलणारीला आपल्या आईचे पाय दुखतात हे माहीत आहे. पण तीही बोलते आणि निघून जाते, आईच्या हातची इस्त्री घेत नाही. कथेत माझी हरकत कशाला असेल तर याला. शेवटी आई मनाशी मागणे मागते, की इस्त्रीपुढे निमूट पडलेल्या त्या कपड्याहून आपण काही वेगळ्या आहोत हे पोरीला कळावे. हे मागणे मोठे आहे. इस्त्री मात्र आईच्याच हातात राहते.

इथे मला जाते आठवते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. इतके काव्य एका दगडी वस्तूभोवती का जमले? जात्याला बऱ्याचदा दोघी बसत, समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. सासूचे, नवऱ्याचे, माहेरचे जे बोलायचे ते बोलून व्हायचे. बोर्डापाशी जागा एकीचीच. समोर भिंत किंवा टीव्ही. ओव्यांची जागा मालिकांनी घेतली असे आपण म्हणतो, पण त्याआधी दुसऱ्या बाईची जागाच गेली होती. ओल्सेनची कथा ही मला बोर्डावरची एकटीची ओवी वाटते. ऐकणारी समोर नाही म्हणून ती मनातल्या मनात म्हटलेली.

आता आपल्या समाजापुरते थोडे. मी कुणी पंडिता नाही, पण समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘प्रमादचर्या’ आहे. कारण नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे. अग्निकाय जीवांचा विचार करणाऱ्या आपल्या घरांत रात्री अकराला उशीच्या अभ्र्यांवर इस्त्री फिरते, तेव्हा ती कोणत्या कारणासाठी, हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे? वीज ती वीजच, आणि बाईची झोप हाही जीवाचाच भाग.

दुसरी गोष्ट आपण रोज बघतो आणि तिचा अर्थ लावत नाही. चातुर्मासात महाराज गावात असतात, घरोघरी चौका लागतो. त्या दिवशी आपण सोवळ्याची साडी नेसतो. स्वतः धुतलेली, वेगळी वाळत घातलेली, दोरीवरून काढून तशीच अंगाला गुंडाळलेली. तिला इस्त्री नसते. दारात कलश घेऊन पडगाहनाला उभ्या राहतो तेव्हा आपण नखशिखांत चुरगळलेल्या असतो, आणि वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त मानाच्या जागी असतो. समोरून येणाऱ्यांच्या अंगावर तर सूतसुद्धा नाही. आर्यिका माताजींच्या पांढऱ्या साडीकडे बघून कधी कुणी ‘इस्त्री नाही वाटतं’ असे म्हटल्याचे ऐकले आहे का? मग लग्नाच्या बैठकीत, मुलगी बघायला आलेल्यांत, शाळेच्या पालकसभेत नवऱ्याच्या कॉलरवरून बाईला गुण देणारे आपण कोणता धर्म पाळतो? शुद्ध आणि कडक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या परंपरेने पहिलीला मान दिला. दुसरी आपण कचेरीकडून आणि जाहिरातींकडून शिकलो.

याचा अर्थ बोर्ड भंगारात घाला असा नाही. मुलाची मुलाखत असते, मुलीचे गॅदरिंग असते, कडक कपडा अंगावर असला की मनाला उभारी येते. मी स्वतः सुती साडीला खळ देऊन इस्त्री करते आणि मला त्यात आनंद होतो. तो आनंद हक्काचा आहे. पण बाकीच्या गठ्ठ्याचे काय?

बोर्डाच्या खाली, बाजूला, एक खिट्टी असते. ती दाबली की बोर्ड वर-खाली होतो. सहा फुटाच्या माणसासाठी वर, बारा वर्षांच्या मुलासाठी खाली. बनवणाऱ्यांनी ती सोय दिली, म्हणजे हे काम घरातल्या एकाच उंचीच्या माणसाने करायचे असे त्यांनी गृहीत धरलेले नव्हते. आमच्या घरांत ती खिट्टी बोर्ड विकत आणला त्या दिवशी एकदा दाबली जाते, पाच फूट दोन इंचाला लावली जाते, आणि तिथेच गंजते. ओल्सेनच्या आईला विचार करायला मिळाला तेवढा तास आपल्यालाही हवा. तो बोर्डापाशी उभे राहूनच मिळवावा लागतो, ही स्थिती मात्र बदलायला हवी. या रविवारी गठ्ठा काढाल तेव्हा खिट्टीला दोन थेंब तेल घाला, बोर्ड चार बोटे वर करा, आणि ज्याचा शर्ट आहे त्याला हाक मारा. खांदा नाकावर कसा चढवायचा ते एकदा दाखवावे लागेल. दुसऱ्यांदा त्याला येईल.